शनिवारी पडणारा फेस

देविदास,

तुझ्या जाण्याची बातमी मीच लिहिली. चार ओळींची होती. वय, गाव, व्यवसाय, मागे कोण आणि अंत्यविधी कुठे. तिच्यात चूक नाही, त्यामुळे ती इथे पुन्हा लिहीत नाही. त्या चार ओळींत बसण्यासारख्या नसलेल्या दोन गोष्टी मात्र शिल्लक आहेत. पहिली, तुझ्या माशांच्या टाकीवरच्या स्किमरचा फेस शनिवारी का पडायचा, ते कळलं. दुसरी, तो स्किमर कापावा लागला. दोन्हींबद्दल तुझ्याशी बोलायला हवं होतं. तू नाहीस, याचं दुःख आहेच. पण खरं सांगायचं तर सध्या त्याहून जास्त वैताग आहे.

अनसिंगच्या घरात, समोरच्या खोलीत, लोखंडी टेबलावर तुझी काचेची टाकी अजून आहे. समुद्राचं पाणी, तळाशी दोन खडक, पांढऱ्या पट्ट्यांच्या नारंगी माशांची जोडी. नागपूरला वहिनींचं ऑपरेशन होतं, तेव्हा दवाखान्याच्या हॉलमध्ये अशीच टाकी होती आणि तू बसल्या बसल्या तिच्याकडे पाहत होतास. टाकी साफ करायला आलेल्या माणसाने तुझं गाव विचारलं आणि म्हणाला, काका, खाऱ्या पाण्याचं तुमच्याकडे जमत नाही. परत आल्यावर तू मला ते वाक्य निदान दहादा ऐकवलं असशील. दरवेळी शेवट ठरलेला.

"ठिबकवाल्याले म्हंते पाणी जमत नाई."

त्या एका वाक्यापायी पुढचं सगळं झालं. मीठ पुण्याहून कुरिअरने आलं. गावचं पाणी क्षाराचं, म्हणून जारवाल्याकडून पाण्याचे जार आले. उन्हाळ्यात टाकी तापू नये म्हणून वहिनींच्या फ्रिजमध्ये भाज्यांच्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठू लागल्या. त्या बाटल्या दुपारी टाकीत सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी ते कधी चुकवलं नाही आणि त्याबद्दल तू त्यांना कधी काही म्हटल्याचं मी ऐकलं नाही. म्हणाला असशील, तर मी नसताना.

स्किमर म्हणजे काय, हे तू येईल त्याला डाळीच्या उदाहरणाने सांगायचास. तुरीची डाळ शिजताना वर फेस येतो, तो आपण पळीने काढून टाकतो. माशांच्या पाण्यातली घाणही तशीच फेसाला चिकटते. पाण्यात बारीक हवा सोडायची, फेस उभा करायचा, तो नळीतून वर चढू द्यायचा आणि वरच्या भांड्यात जमू द्यायचा. घाण सडायच्या आत बाहेर. ऐकणाऱ्याला ते लगेच पटायचं. बाजारात तयार स्किमर मिळतो, तो मागवून घे, असं मी एकदाच म्हटलं. ज्या ठिबकच्या दुकानात भिंतभर पाईप आहेत, त्या दुकानदाराने पाईप विकत आणायचा का, असं तू विचारलंस. विषय तिथे संपला.

पहिला स्किमर तू दुकानातल्या चार इंची पाईपचा केलास. वर गोळ्या-बिस्किटांची पारदर्शक बरणी उलटी बसवून फेस जमायची सोय केली. पंप कूलरचा. हवेसाठी ठिबकच्या संचात खत ओढायला लावतात ती व्हेंच्युरी. शेतात ती टाकीतून खत ओढते, इथे ती खोलीतली हवा ओढणार. कल्पना अगदी सरळ होती. तू तो आधी नळाच्या साध्या पाण्यात चालवून पाहिलास. फेस आला नाही. साध्या पाण्यात तो येतच नाही, पाणी खारं लागतं, हे तुला कळेपर्यंत तू त्याची व्हेंच्युरी दोनदा बदलली होतीस. मग टाकीवर लावलास आणि फेस आला. त्या संध्याकाळी तू फोनवर इतका मोठ्याने बोलत होतास, की मी फोन कानापासून लांब धरला.

माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारी. मी वाशीमहून निघायचो, सकाळी उशिरा तुझ्याकडे पोहोचायचो. तुझंही दुकान शनिवारी बंद. मी येतोय म्हटल्यावर तू आधीच काचेवरचं शेवाळ पुसायला बाहीपर्यंत हात पाण्यात घालायचास, खडक सरळ करायचास, पंपाचं तोंड फिरवायचास. मी टाकीपुढच्या खुर्चीत बसेपर्यंत बरणीतला फेस खाली बसलेला असायचा. बरणी कोरडी. नळीत नुसतं पाणी खळखळतंय.

"पाह्यलं? आता होता," तू म्हणायचास. "तू आला का पडते. तुहा पायगुणच तसा हाये."

मी म्हणायचो, यंत्राला पायगुण कळत नाही. व्होल्टेज पाहा. शनिवारी शेतीच्या फिडरचं वेळापत्रक बदलतं, पंप मंद होत असेल. तू व्होल्टेज मोजायचं यंत्र आणलंस, आकडा ठीक होता. मग मी म्हणालो, मुळात रचनाच चुकली आहे, नळी रुंद आहे. तू म्हणालास, रचना चुकली असती तर रविवार ते शुक्रवार फेस कसा राहतो. मी म्हणालो, राहतो याला पुरावा काय.

तू व्हिडिओ पाठवू लागलास. सोमवारी फेस, बुधवारी फेस, तपकिरी, घट्ट, बरणीच्या काठापर्यंत. मी उत्तर द्यायचो, व्हिडिओवर वार दिसत नाही. पुढच्या व्हिडिओत तू टाकीशेजारी त्या दिवसाचा पेपर धरलास. आमचाच पेपर, मुद्दाम. खाली लिहिलंस, आता तरी छाप. मी मान्य केलं नाही. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बातमी होत नाही, हे वाक्य मी तुला ऐकवलं. तू त्यावर वहिनींना सांगितलंस, "याच्यासमोर मेला माणूस उठून बसला, तरी हा त्याचं आधार कार्ड मागनार."

थट्टा म्हणून हे ठीक होतं. पण शनिवारचा फेस तुला खरोखर छळत होता आणि त्यापायी तू चांगली चाललेली वस्तू मोडत गेलास. दुसऱ्या स्किमरमध्ये तू व्हेंच्युरी काढली आणि हवेच्या नळीला तुराटीचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काडीचे, तुकडे लावले. वाळलेल्या तुराटीच्या रेषांतून फार बारीक बुडबुडे निघतात, हे खरं निघालं. पाणी चहाच्या रंगाचं झालं, हेही खरं निघालं. तिसऱ्याला दोन पंप. तोही शनिवारी पडला. चौथा तू छातीइतका उंच केलास. पाणी बाहेर सोडणारा उभा पाईप वर नेलास, म्हणजे आतलं पाणी वर राहील आणि फेस पडला तरी बरणीपर्यंतचं अंतर कमी असेल. शनिवारी तो कसाबसा अर्धा पडू लागला. यालाच तू यश म्हणालास.

त्या वेळी आपण शेवटचे भांडलो. मी म्हणालो, उभ्या पाईपला युनियन लाव, म्हणजे सांधा हाताने फिरवून उघडता येईल, उंची कमी-जास्त करता येईल. दुकानात युनियनचं खोकं तुझ्या डोक्याशी होतं. तू सगळे सांधे सोल्युशनने कायमचे चिकटवलेस. उघडता येणारी गोष्ट लोक उघडतात आणि बिघडवतात, असं तुझं म्हणणं. शेतकऱ्याला ठिबक बसवून देताना तू नेमकं याच्या उलट सांगतोस, हे मी दाखवून दिलं.

"ते गिऱ्हाईक हाये. हे माहं हाये."

निघताना तू दारात म्हणालास, "एक डाव रैवारी येऊन पाह्य लेका." मी ड्युटी पाहून सांगतो म्हणालो. रविवार आला नाही.

आता पुढचं ऐक. हे तुला माहीत नाही.

सुतकातला पहिला शनिवार. घर माणसांनी भरलेलं, समोरच्या खोलीत सतरंज्या, पुरुष बसलेले. मीही होतो. कुणीतरी म्हणालं, टाकी गळून राह्यली. गळत नव्हती. फेस बरणी भरून बाहेर येत होता आणि तपकिरी, वास मारणारं पाणी टेबलाच्या पायावरून सतरंजीत मुरत होतं. शनिवार असून फेस पडला नव्हता. मी तुझ्या घरी शनिवारी पाहिलेला तो पहिला उभा फेस. पायगुणाचा मुद्दा निकालात निघाला, पण हे कुणाला सांगावं, असं कुणी त्या खोलीत नव्हतं. एका पाहुण्याने स्विच बंद केला. वहिनी आतून आल्या आणि त्यांनी तो पुन्हा लावला. खाली घमेलं ठेवलं.

त्या दिवसांत घरात कुणी डोक्याला तेल लावत नव्हतं. स्वयंपाकाला फोडणी नव्हती. टाकीत कुणी हात घालत नव्हतं. वहिनी डब्याच्या झाकणातून दाणे टाकायच्या आणि मागे सरायच्या. यातल्या कशाचाही फेसाशी संबंध जोडायला मला तेव्हा सुचलं नाही.

तेरवी झाली. त्यानंतरच्या शनिवारी मी पोहोचलो, तेव्हा तुझे थोरले भाऊ, नामदेवदादा, नुकतेच पारावरच्या मारुतीला जाऊन आले होते. दर शनिवारी तू जायचास. मारुतीला तेल वाहायचास, उरलेलं तळहातावर घेऊन डोक्याला चोळायचास. नेम मोडू नये म्हणून दादांनी तो आपल्याकडे घेतला. घरी आल्यावर त्यांना वाटलं, माशांनाही तूच खाऊ घालायचास, तर तेही आपणच करावं. त्यांनी दाणे चिमटीत घेतले, बोटं पाण्यात बुडवली आणि तिथेच थोडा वेळ धरली. मासे बोटांना टोचतात, याची त्यांना गंमत वाटली. तुझ्यानंतर त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

बरणीतला फेस बसला. आम्ही पाहत असतानाच बसला.

वहिनी दाराच्या चौकटीत होत्या. त्यांनी फेसाकडे पाहिलं, मग दादांच्या बोटांकडे. मला म्हणाल्या, "भाऊजी, त्याइचे हात पाहा."

हात चमकत होते. नखांत शेंदूर होता.

मी घाईने निष्कर्ष काढला नाही. रविवारी सुट्टी मागून घेतली आणि थांबलो. रविवारी सकाळी फेस पुन्हा काठावर आला होता. म्हणजे तू ज्या रविवारबद्दल सांगत होतास, तो मी पाहिला. मग वहिनींनी गोडेतेलाच्या बरणीत करंगळीचं टोक बुडवलं आणि टाकीच्या पाण्याला लावलं. फेस बसला. त्यांनी हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "मशीनचा काहीच दोष नोयता भाऊजी."

नव्हता. पहिल्याचाही नव्हता. तो आजही दुकानाच्या मागच्या खोलीत, ठिबकच्या लॅटरल नळ्यांच्या गुंडाळ्यांखाली पडला आहे आणि त्यात एकही चूक नाही. दुसरा, तिसरा, चौथा तू ज्यासाठी बांधलास, ती चूक तुझ्या हातावर होती. तू शनिवारी मारुतीहून यायचास, मला दाखवायला हात पाण्यात घालायचास आणि ते तेल फेस मोडायचं. मी आलो नसतो, तर कदाचित घातला नसतास. तेव्हा पायगुण म्हणालास ते अगदीच खोटं नव्हतं, हे नोंदवून ठेवतो. व्होल्टेजचा मात्र संबंध नव्हता.

इतकी साधी गोष्ट. साबणाने हात धुतले असतेस, तर आपली भांडणं मिटली असती. तू ते ऐकून काय म्हणाला असतास, याचा अंदाज मी बांधत नाही. तू अंदाजाप्रमाणे कधी बोललाच नाहीस. पण उत्तर हातात आहे आणि ज्याचा प्रश्न होता तोच नाही, याचं काय करायचं हे मला कुठल्याच अनुभवावरून कळत नाही. आमच्या धंद्यात खुलासा उशिरा आला, तरी तो छापता येतो.

आणि एवढ्यावर भागलं नाही. चौथा स्किमर तू शनिवारचा पडका फेस गृहीत धरून उंच केलास. तू रोज हात घालायचास तोवर फेस इतर वारीही थोडाफार आवरायचा; आता कुणाचा हात पाण्यात जाईना, तर तो रोज भरून वाहू लागला. टाकीतलं पाणी रोज घमेल्यात जाऊ लागलं. वहिनी जारचं गोड पाणी घालून भर करायच्या, त्याने खारेपणा उतरत गेला आणि माशांपैकी मोठा एका कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून राहू लागला होता. उभा पाईप चार बोटं खाली घेतला की प्रश्न सुटणार होता. पण तो फिरेना. निघेना. तू चिकटवला होतास.

कापायचं म्हटल्यावर दादा उठून उभे राहिले. पुन्हा शनिवारच होता, दादा मारुतीहून आलेले. तुझ्या घरातली रीत तुला माहीत आहे. दादा वहिनींचे भासरे, मोठे दीर, त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून त्या दादांशी सरळ बोलल्या नाहीत. समोर आल्या तर पदर डोक्यावर, आणि सांगायचं असेल ते तुझ्यामार्फत. तू नाहीस, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

"तिले सांग, हे त्याच्या हातचं हाये," दादा मला म्हणाले. वहिनी पाच हातांवर उभ्या होत्या. "करवत लावू नोको म्हन. मासे अकोल्याच्या दुकानात देऊन टाकू. मशीन आलमारीत ठेवू. धकलं तेवढं धकलं."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी ऐकलेलंच होतं, तरी मी ते पुन्हा सांगावं म्हणून थांबल्या. मी सांगितलं.

"त्याइले सांगा, मासेबी यायच्याच हातचे हायेत," त्या म्हणाल्या. 'यायच्या' म्हणताना त्यांनी मान भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे केली.

मी तेही सांगितलं. दादा म्हणाले, जिवंत वस्तूचा भरवसा नाही, ते आज आहेत, उद्या नाहीत. मग राहिलं काय आपल्यापाशी? हा प्रश्न त्यांनी मला विचारला, पण तो मला नव्हता. वहिनी वळल्या. त्या मागच्या दाराने दुकानात गेल्या आणि करवतीचं पातं, युनियनचा एक नग आणि सोल्युशनचा डबा घेऊन आल्या. ओचा खोचला. मला पाईप धरायला सांगितला.

त्यांना कापता येतं, हे मला माहीत नव्हतं. तुला असणार. दुकानात गर्दी असली की त्या लॅटरल कापून द्यायच्या, असं नंतर म्हणाल्या. पातं सरळ गेलं. तुकडा माझ्या हातात आला, तेव्हा तुझा सांधा मी आतून पाहिला. सोल्युशनचा थर सगळीकडे सारखा होता, कुठे गाठ नाही, कुठे कोरडी जागा नाही. त्या सांध्यातून इतक्या दिवसांत एक थेंब गळला नव्हता. तू मला चिडवायला म्हणायचास, की तुझ्या कामावर मी कधी चार बरे शब्द लिहिणार नाही. हे ते चार शब्द आहेत. काम नीट होतं.

युनियन बसला. वहिनींनी तो हाताने आवळला, स्विच लावला. पाणी खाली आलं, खळखळ थांबली आणि फेस नळीतून हळूहळू वर चढून बरणीच्या गळ्याशी येऊन राहिला. वाहिला नाही. पडला नाही. आम्ही तिघं पाहत होतो. दादा जवळ आले. कापताना पाईपची एक पांढरी कात्रण टाकीत पडली होती आणि मोठा मासा तिच्याभोवती फिरत होता. ती काढायला दादांनी हात पुढे केला.

"दादा, पयले हात धुवा."

मी काही सांगायच्या आत हे झालं. वहिनींचा पदर खांद्यावर होता, डोक्यावर नव्हता. दादांचा हात पाण्यावर तसाच थांबला. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ते मोरीच्या दिशेने निघाले. मोरीत जाऊन उभे राहिले आणि साबण कुठे ठेवला आहे, हे त्यांनी मला न विचारता वहिनींनाच विचारलं.